पत्रपेटीवर आपलं नाव लावा : जर्मनीतलं एक्स्चेंज सेमिस्टर आणि रोजचं जगणं

चौथा_मजला

मागचा हिवाळा मी गॉटिंगेनमध्ये काढला. एक्स्चेंजवर, एका सेमिस्टरसाठी. परत आल्यापासून तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून जवळपास तेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाच धागा काढते आहे. व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं बँक खातं) यांवर पुष्कळ माहिती सापडते, ती इथे पुन्हा देत नाही. मला लिहायचंय ते सामान घेऊन खोलीत शिरल्यानंतरच्या दिवसांबद्दल. खरी अडचण तिथून सुरू होते आणि निघण्याआधी तिच्याबद्दल कुणी धड बोलत नाही.

माझी खोली विद्यार्थी वसतिगृहात चौथ्या मजल्यावर होती. खाली मुख्य दारापाशी पत्र्याच्या पत्रपेट्यांची रांग. प्रत्येक पेटीवर एक अरुंद खाच, तिच्यात नावाची पट्टी सरकवायची. माझ्या पेटीवर आधीच्या मुलाचं आडनाव तसंच होतं. येता-जाता मी ते रोज बघायचे आणि पुढे जायचे. सहा महिन्यांसाठी कशाला बदलायचं, असं डोक्यात. जर्मनीत पत्त्यात सहसा खोलीचा किंवा फ्लॅटचा नंबर नसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, झालं. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव सापडलं नाही की पत्र परत.

पहिल्या तीन आठवड्यांत माझं बँकेचं कार्ड परत गेलं. पिन वेगळ्या पाकिटातून येतो, तोही परत गेला. आरोग्य विम्याच्या कार्डासाठी फोटो मागणारं पत्र परत गेलं, त्यामुळे ते कार्ड निघालंच नाही. बँकेतल्या बाईंनी परत आलेलं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यावर पोस्टाचं लेबल होतं आणि छापील कारणांपैकी एकावर खूण केलेली : दिलेल्या पत्त्यावर ही व्यक्ती सापडत नाही. मला तिथेच भरून आलं. रोज रात्री मी त्याच पत्त्यावर झोपत होते.

संध्याकाळी वहीच्या पानाची पट्टी कापली, काळ्या पेनाने आडनाव लिहिलं. दोन पट्ट्या बिघडल्या, तिसरी नीट झाली. ती खाचेत सरकवली. खाली बेलच्या बटणापाशीही एक लावली.

एवढ्या तपशिलात सांगते आहे, कारण 'सहा महिन्यांसाठी कशाला' हे वाक्य मी सगळीकडे लावत होते. बरी उशी कशाला घ्यायची, सायकल कशाला, फ्रिजमधल्या कप्प्यावर नाव कशाला, शेजारणीचं नाव पाठ कशाला करायचं. सुटकेससुद्धा पूर्ण उपसली नव्हती. हिवाळ्याचे कपडे तिच्यातच, लागेल तसा एकेक बाहेर. पट्टी लावली त्या रात्री सगळे कपडे कपाटात लावले आणि रिकामी सुटकेस पलंगाखाली सरकवली.

स्वयंपाकघर आठ जणांत एक. मी दुपारी तीनला जायचे, कारण तेव्हा तिथे कुणी नसायचं. भात लावायचा, ताट घेऊन खोलीत यायचं, दार लावायचं. नंतर मी मुद्दाम सातला जायला लागले, सगळे असतात तेव्हा. फ्रिजवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असायचा, पुट्झप्लान म्हणतात त्याला. त्यात माझं नाव नव्हतं. आधीच्या मुलाचं होतं, पेन्सिलने खोडलेलं, आणि माझ्या वाट्याची पाळी बाकीचे सात जण वाटून घेत होते. मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. मी शेजारणीला विचारलं, मलाही यात घ्याल का? तिने लगेच पेन काढलं, पट्टीने नव्या रेघा मारल्या आणि आठवडे पुन्हा वाटले. पुढचाच आठवडा माझा आला. ओटा, फरशी, कचरा. तो रविवार मी कचऱ्याचे चार डबे समजून घेण्यात घालवला आणि त्या निमित्ताने चौघांशी बोलले. आधीच्या पाच आठवड्यांत मिळूनही माझं एवढं बोलणं झालं नव्हतं.

आता थोडं कामाचं.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आनमेल्डुंग. घरमालकाने किंवा वसतिगृहाने सही केलेला, ही व्यक्ती इथे राहायला आली आहे असा कागद सोबत लागतो. ऑक्टोबरात सगळेच नवे विद्यार्थी रांगेत असतात, म्हणून वेळ आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येतं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीची ही वर्गणी घरामागे महिन्याला १८.३६ युरो. खोलीत टीव्ही नसला तरी द्यावी लागते. पत्र बघून अनेकांना फसवणूक वाटते आणि ते फेकून देतात. फेकू नका, उत्तर द्या. एका घरात तिघे राहत असतील तर एकानेच भरायची असते, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

दुकानात पैसे देताना माझी तारांबळ उडायची. सरकत्या पट्ट्यावर आपलं सामान ठेवायचं, मागच्याच्या सामानाआधी आडवी दांडी ठेवायची. गल्ल्यावरची बाई इतक्या वेगाने वस्तू पुढे ढकलते की पिशवी भरेपर्यंत पुढच्याचं सामान येऊन आदळतं. इथे कुणी पिशवी भरून देत नाही. सगळं परत ट्रॉलीत टाकायचं, पैसे द्यायचे आणि बाजूच्या फळीवर जाऊन निवांत भरायचं, हे मला दुसऱ्या महिन्यात एका आजींकडे बघून कळलं.

आणि वर्गाबद्दल एक, कारण तो क्षण मला फार आवडला. पहिलं व्याख्यान संपलं आणि शंभरेक मुलं एकदम बाकं वाजवायला लागली. मुठीने, टकटक टकटक. मी घाबरून आजूबाजूला पाहिलं. प्राध्यापकांनी मान लववली आणि कागद आवरले. जर्मन विद्यापीठांत टाळ्यांऐवजी असंच करतात. दुसऱ्या आठवड्यात मीही वाजवलं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः हिवाळ्याबद्दल, कारण त्यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही.

ऑक्टोबरची_वाट

ताई, खूप खूप आभार. मी याच ऑक्टोबरात निघतोय, एका सेमिस्टरसाठीच. खरं सांगायचं तर सुटकेसचं वाचून पोटात गोळा आला, कारण मीही मनात तेच ठरवलं होतं की जास्त पसारा मांडायचा नाही.

तीन प्रश्न आहेत. अभ्यास किती कठीण जातो? माझं जर्मन जेमतेम ए-टू (खालून दुसरी पातळी) आहे, रोजच्या व्यवहाराला पुरेल का? आणि तुम्ही म्हणालात तो हिवाळा. मी अंधाराला घाबरत नाही, पण एकटं पडायला घाबरतो.

वर्ग_साडेदहाचा

अभ्यासाचं मी सांगतो. मी माइन्झला होतो, दोन सेमिस्टर.

वेळापत्रकात १०.०० पुढे 'सी. टी.' लिहिलेलं असेल तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं. लॅटिनमधल्या कुम टेम्पोरेचं ते संक्षिप्त रूप, 'वेळेसह'. हा झाला अकॅडेमिक पाव तास. 'एस. टी.' असेल तर दहा म्हणजे दहाच. परीक्षा बहुतेक 'एस. टी.' असतात, तिथे गफलत करू नका.

व्याख्यानाला सहसा हजेरी नसते. सेमिनारला बरेचदा असते. पण वर्गात बसलं म्हणजे परीक्षेत नाव लागलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, ठरलेल्या मुदतीत. माझ्या एका विषयाची मुदत माझ्या डोळ्यांदेखत गेली. चार महिने एकही व्याख्यान चुकवलं नव्हतं, टिपणं तयार होती आणि परीक्षेच्या यादीत नाव नाही. कार्यालयात गेलो, विनवण्या केल्या. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, मुदत संपली. त्या चुकल्या असं मी म्हणणार नाही, पण माझे ६ क्रेडिट गेले आणि घरच्या विद्यापीठाशी केलेलं लर्निंग अॅग्रीमेंट (तिकडे कुठले विषय घेणार याचा करार) बदलून घ्यायला महिना गेला. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाची नोंदणीची आणि नाव मागे घ्यायची तारीख भिंतीवर लावा.

गुण उलटे असतात. १.० सर्वात वरचा, ४.० ला पास, ५.० नापास. आईबाबांना निकाल सांगताना आधी हे समजावून सांगा.

पूर्ण सेमिस्टरचा भार ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. एक्स्चेंजवाल्यांना घरून किती लागतात ते पाहा आणि तेवढेच घ्या. मी हौसेने जास्त घेतले आणि डिसेंबरभर ग्रंथालयात बसलो. ते आता डाचतं. त्याच महिन्यात सगळे मित्र ख्रिसमसच्या बाजारात फिरत होते.

पंचवीस_वर्षं_इथेच

मी विद्यार्थी म्हणून आलो आणि इथेच राहिलो. आता श्टुटगार्टजवळ असतो. चौथा_मजला यांनी पत्रपेटीबद्दल लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं, कारण दरवर्षी नव्या मुलांना मी सर्वात आधी हेच सांगतो.

भाषेबद्दल. ए-टू पुरतं, पण समोरच्याने वापरू दिलं तर. तुम्ही अडखळलात की समोरचा माणूस मदत म्हणून इंग्रजीवर येतो आणि तुमचं जर्मन तिथेच थांबतं. तेव्हा सरळ म्हणावं, मी शिकतो आहे, जरा सावकाश जर्मनच बोलूया. कुणी नाही म्हणत नाही. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात टॅन्डम जोडीदार शोधा. अर्धा तास तुम्ही त्याला तुमची भाषा शिकवायची, अर्धा तास त्याने तुम्हाला जर्मन. दोघांचीही गरज असते, त्यामुळे कुणाला उपकाराचं ओझं वाटत नाही.

छोट्या शब्दांकडे लक्ष द्या. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात शिरताना बसलेल्या सगळ्यांना मिळून 'गुटेन टाग' म्हणतात आणि निघताना 'आउफ वीडरझेन'. दोन्ही वेळा अनोळखी माणसं उत्तर देतात. जिन्यात शेजारी भेटला की नमस्कार. हे न करणारा माणूस त्यांना तुसडा वाटतो, आणि आपल्याला वाटतं तेच आपल्याशी बोलत नाहीत.

रविवारबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. दुकानं बंद असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. का, हे फारसं कुणी सांगत नाही. १९१९ च्या वायमार संविधानाच्या कलम १३९ ने रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखला आणि आजच्या मूलभूत कायद्याच्या (म्हणजे जर्मनीच्या आजच्या संविधानाच्या) कलम १४० ने ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं. म्हणजे ही नुसती सवय नाही, संविधानातली गोष्ट आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं उघडी असतात, काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात. बाकी शांतता. काचेच्या बाटल्यांच्या कुंडीत त्या दिवशी बाटल्या टाकायच्या नाहीत, खळकन आवाज होतो म्हणून. रात्री दहा ते सकाळी सहा अशी शांततेची वेळ असते, ती रविवारी दिवसभर लागू समजा.

आमच्या भागात केअरवोखं असते, जिना झाडायचा आठवडा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. काम झालं की ती पाटी शेजाऱ्याच्या दारावर. माझ्या पहिल्या घरी मला ती पाटी काय आहे तेच कळलं नाही. दोन आठवडे ती माझ्या दारावर राहिली. समोरच्या वृद्ध बाई एका सकाळी बादली घेऊन आल्या आणि माझ्याबरोबर तिन्ही मजले पुसले. पुसता पुसता कुठली पायरी कोपऱ्यात खराब होते ते दाखवलं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात त्यांना भेटायला जाणाऱ्यांत मी होतो.

ऑक्टोबरची_वाट

काका, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर, ते फांड म्हणजे नक्की काय?

चौथा_मजला

बाटलीवरची अनामत. प्लॅस्टिकची एकदाच वापरायची बाटली किंवा कॅन असेल तर २५ सेंट. पुन्हा भरायच्या बाटल्यांना कमी, बिअरच्या काचेच्या बाटलीला साधारण ८, इतर बऱ्याच बाटल्यांना १५. दुकानातल्या यंत्रात रिकाम्या बाटल्या घालायच्या, चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची. बाटली चेपू नका, यंत्राला वरची पट्टी वाचता आली पाहिजे. पाणी मात्र नळाचंच प्या, उत्तम असतं.

आणि लाल दिव्याला रस्ता ओलांडू नका, गाडी नसली तरी. ५ युरो दंड आहे, पण मुख्य म्हणजे शेजारी लहान मूल उभं असलं की मोठी माणसं स्पष्ट बोलून दाखवतात. मुलांनी आपलं बघून शिकावं म्हणून ते थांबलेले असतात. मला ते पटलं.

शांत_दुपार

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि स्वतः कीलला एक सेमिस्टर राहून आले आहे. हिवाळा आणि एकटेपणा या दोन्हींवर लिहिते.

परदेशी जाणाऱ्यांना एक आलेख नेहमी दाखवतात. आधी आनंद, मग घसरण, मग पुन्हा वर, इंग्रजी यू अक्षरासारखा. याचं मूळ १९५५ मधलं लिसगार्ड यांचं संशोधन, अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांवरचं. १९६० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 'कल्चर शॉक'चे टप्पे मांडले, त्यांतही पहिला टप्पा मधुचंद्रासारखा गोड. हे वाचून गेलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात रडू आलं तर वाटतं, आपलं काहीतरी बिघडलंय, इतरांना तर सुरुवातीला मजा येते. म्हणून १९९८ चा एक अभ्यास मुद्दाम सांगते. कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची वर्षभरात अनेकदा पाहणी केली. त्यांचा त्रास सगळ्यात जास्त होता तो अगदी सुरुवातीला, पोचल्या पोचल्या. गोड टप्पा तिथे दिसलाच नाही. ऑक्टोबरची_वाट, पहिले दिवस जड गेले तर तो तुझा कमकुवतपणा समजू नकोस. घर, भाषा, पैसे, वेळ, सगळं एकदम बदलतं, मग मन डगमगणारच.

आता अंधार. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर जर्मनीत सूर्य साडेआठच्या पुढेमागे उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. ढग असले तर दिवसभर संध्याकाळच. सकाळचा वर्ग नसेल तर उजेड बघायलाच मिळत नाही. मी नोव्हेंबरात दुपारी एकपर्यंत झोपायला लागले होते. रात्री तीनपर्यंत घरच्यांचे जुने फोटो बघायचे. सुधारणा झाली ती एका साध्या गोष्टीने. दुपारी बारा ते एक बाहेर चालायचं, पाऊस असला तरी. कीलला पाणी जवळ आहे, तिथपर्यंत जायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, परत. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी अकराला आपोआप उठले.

मैत्रीचं असं की तिथली मुलं भेट ठरवायला वही किंवा फोन काढतात आणि म्हणतात, पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी चालेल? आपल्याला वाटतं टाळताहेत. मलाही वाटलं होतं. पण त्या गुरुवारी ती सहाच्या ठोक्याला हजर होती, पावसात, सायकलवरून. ठरवलेली भेट ते पाळतात. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच तारखा ठरवायला घ्या, नाहीतर सहा महिने त्यातच जातात.

एक मार्ग हमखास चालतो, होखशूलश्पोर्ट. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग, अगदी कमी शुल्कात. चढाई, नाच, पोहणं, होडी. दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं भेटतात आणि बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. नावनोंदणी ऑनलाइन असते आणि लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात.

झोप, भूक, वर्ग हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलं, तर श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, समुपदेशन केंद्रात जा. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी ते मोफत आणि गोपनीय असतं, इंग्रजीतही बोलता येतं. मी चार वेळा गेले. पहिल्या भेटीत बाईंनी मला एकच विचारलं, इथे आल्यापासून तुझ्या हातून काय काय पार पडलं ते सांग. मी पंधरा मिनिटं सांगत होते.

वर्ग_साडेदहाचा

+१ खेळाच्या वर्गाला. माझे आजही संपर्कात असलेले तीनही मित्र बॅडमिंटनचे.

आईच_आहे_मी

नमस्कार. मी इथे सहसा फक्त वाचते. माझी मुलगी ऑक्टोबरमध्येच निघते आहे, ड्रेस्डेनला. ती हा धागा वाचणार नाही म्हणून लिहिते.

दोन शंका. रात्री-अपरात्री आजारी पडली तर तिने काय करायचं? आणि दुसरं जरा वेगळं आहे. मी रोज फोन केला तर तिला तिथे रमायला त्रास होईल का? न करता मला राहवणार नाही. पण तिच्या पायात माझा पाय अडकायला नको.

पंचवीस_वर्षं_इथेच

ताई, पहिल्याचं उत्तर देतो. जीवावरचं असेल तर ११२, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दोन्हींसाठी. पोलिसांसाठी ११०. दवाखाने बंद असताना ताप, पोटदुखी असं काही झालं, सकाळपर्यंत थांबता येणार नाही पण रुग्णवाहिकेचंही काम नाही, तर ११६११७. हा ड्युटीवरच्या डॉक्टरांचा क्रमांक आहे, देशभर एकच. रात्री कुठलं औषधाचं दुकान उघडं आहे ते प्रत्येक औषधाच्या दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. हे तीनही क्रमांक तिच्या फोनमध्ये आत्ताच घालून द्या. तिथे गेल्यावर जवळचा एक हाउसआर्त्स्ट, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, ठणठणीत असतानाच शोधून ठेवायला सांगा. आजारी पडल्यावर शोधणं अवघड जातं.

विम्याचं एक. नावनोंदणीच्या वेळी सरकारी आरोग्य विम्यातून सूट घेऊन स्वस्त खाजगी विमा घेतला, तर त्या शिक्षणाच्या काळात सरकारी विम्यात परत येता येत नाही. सही करण्याआधी तिने नीट विचारावं.

चौथा_मजला

काकू, दुसऱ्याचं मी सांगू का? माझी आई पहिले पाच-सहा आठवडे रोज रात्री फोन करायची. मी तिच्यापाशी रडायचे, ती धीर द्यायची, फोन ठेवल्यावर दोघींनाही झोप यायची नाही. आणि संध्याकाळची तीच वेळ स्वयंपाकघरात सगळे जमण्याची असायची. मी फोन घेऊन खोलीत बसायचे आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. हे मी तिला सांगू शकले नाही. पुट्झप्लानच्या आठवड्यात पहिल्यांदा म्हणाले, आई, आज नको, मला फरशी पुसायची आहे. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, पुस, आणि कोपरे विसरू नकोस.

त्यानंतर आम्ही मोठा फोन आठवड्यातून एकदाच ठेवला. अधूनमधून फोटो, एखादी ओळ, एवढंच. फोन कमी झाले आणि माझ्याकडे सांगण्यासारखं जास्त साचायला लागलं. तुम्ही तिला विचारताना 'कशी आहेस' विचारू नका, त्याचं उत्तर 'बरी' असंच येतं. शेजारच्या खोलीत कोण राहतं, आज कुठल्या रस्त्याने आलीस, असं विचारा. शेजारणीचं नाव सांगता येत असेल तर तुमच्या जिवाला निम्मा घोर कमी.

ऑक्टोबरची_वाट

काकू, मी लाइप्झिगला जातोय, ड्रेस्डेनपासून रेल्वेने तास-सव्वा तासावर. तिला हरकत नसेल तर माझा संपर्क व्यनिने द्या. काही लागलं तर येईन.

ताई, परत निघताना काय काय करायचं असतं? सहा महिने लगेच संपतील असं आता वाटायला लागलंय.

चौथा_मजला

निघण्याआधी आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद रद्द करणं. जायच्या आधी आठवडाभरापासून करता येते. तिचा कागद जपून ठेव. रुंडफुंकबाइट्राग, बँक, विमा बंद करताना तो मागितला जाऊ शकतो. डॉइचलांडटिकेट (देशभरातल्या स्थानिक बस-रेल्वेचा पास) मासिक वर्गणीवर घेतलं असेल, तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. २०२६ पासून ते ६३ युरो आहे. सेमिस्टरच्या वर्गणीतच प्रवासाचा पास येतो का ते आधी बघ, बऱ्याच विद्यापीठांत येतो.

खोलीची अनामत परत मिळायची तर भिंतीला बुरशी असता कामा नये. हिवाळ्यात खिडकी तिरपी उघडून दिवसभर ठेवू नकोस. दिवसातून दोन-तीनदा सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद. हीटर त्या वेळी बंद. माझी शेजारीण खिडकी उघडायला मला हाक मारायची आणि आम्ही दोघी स्वेटर घालून मार्गिकेत उभ्या राहायचो.

आणि पेटीवरची पट्टी काढू नकोस. परीक्षेचा निकाल, विम्याचा शेवटचा हिशोब, अनामतीचं पत्र मागाहून येतं. पोस्टात अर्ज करून पत्रं दुसऱ्या पत्त्यावर वळवता येतात, किंवा खालची चावी कुणाकडे तरी ठेवून ये. माझी शेजारीण अजून कळवते.

आईच_आहे_मी

सगळ्यांचे मनापासून आभार. लाइप्झिगच्या मुला, व्यनि केला आहे, देव तुझं भलं करो.

चौथा_मजला, बाळा, तुमचा आठवड्याचा फोन किती वाजता असायचा?

चौथा_मजला

रविवारी तिथल्या दुपारी तीनला. दुकानं बंद, वर्ग नाही, बाहेर अजून थोडा उजेड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, हे मात्र लक्षात ठेवा. त्याआधी आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात, त्यानंतर साडेसात.

आईच_आहे_मी

साडेसहा, मग साडेसात. कॅलेंडरवर लिहून ठेवलं.